सूर्याचे खरे चित्र

या स्मरणिकेच्या मुखपृष्ठासाठी सूर्याची दोन छायाचित्रे पुढे आली होती. दोन्ही एकाच सकाळची, एकाच दुर्बिणीतून आणि नववीच्या एकाच विद्यार्थिनीने घेतलेली. पहिल्यात फिकट पिवळसर बिंब, त्यावर काळ्या डागांचे दोन समूह आणि पूर्वेच्या कडेजवळ एक अगदी बारीक ठिपका. कडा किंचित अंधुक, एकूण चित्र शांत, काहीसे फिकेच. दुसरे चित्र तेच, पण कुणीतरी मोबाइलमधील एका 'सुधारणा' करणाऱ्या ॲपमधून काढलेले. त्यात सूर्य उकळत्या तेलासारखा दिसत होता, कडांवरून ज्वाळा उसळत होत्या आणि रंग पळसाच्या फुलासारखा भडक होता. स्मरणिका समितीतील बहुसंख्य सदस्यांना साहजिकच दुसरे चित्र आवडले. आम्ही विरोध केला. बैठकीत आम्हांला बाजू नीट मांडता आली नाही, म्हणून संपादकांनी ही पाने दिली आहेत.

आम्ही म्हणजे या वसतिगृहात राहून शिकलेले काही माजी विद्यार्थी आणि येथे विज्ञान शिकविणारे दोन शिक्षक. आठवड्यातून दोनदा, सकाळच्या प्रार्थनेपूर्वी, आम्ही मुलांना घेऊन मैदानावर दुर्बीण लावतो. दुर्बीण चार इंचांची, एका माजी तुकडीने भेट दिलेली. तिच्या तोंडावर सौर फिल्टरची फिल्म बसविलेली असते. ही फिल्म सूर्यप्रकाशाचा सुमारे एक लक्षांश भागच आत सोडते, आणि ती बसविल्याशिवाय दुर्बीण सूर्याकडे वळवायची नाही हा आमचा एकमेव कडक नियम आहे. मैदानच का, छप्पर का नाही, असे पालक विचारतात. धाटावला नऊ वाजले की पत्रे तापू लागतात आणि त्यांवरून उठणाऱ्या गरम हवेत सूर्याची कड पाण्यातल्या प्रतिबिंबासारखी थरथरू लागते. गवतावरून सकाळी आठ-साडेआठला ती बरीच स्थिर असते. जून ते सप्टेंबर अर्थातच सुटी. कुंडलिकेचे खोरे पावसाळ्यात सूर्य दाखवीत नाही.

आता त्या दोन चित्रांकडे वळू. सॉफ्टवेअर वापरलेले चित्र खोटे आणि न वापरलेले खरे, असे आमचे म्हणणे नाही. पहिले चित्रही संगणकातूनच निघाले आहे, हे समितीला आम्ही सांगितले तेव्हा काहींना आश्चर्य वाटले. ते कसे निघते हे समजून घेतल्याशिवाय दुसऱ्या चित्रात काय बिघडले ते कळणार नाही.

सूर्य आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो. प्रत्यक्षात त्याचा व्यास सुमारे १३ लाख ९० हजार किलोमीटर. त्याच्यावरील मध्यम आकाराच्या डागात आपली पृथ्वी सहज मावेल, पण मधल्या हवेच्या थरांमुळे तो डाग क्षणोक्षणी विस्कटतो. म्हणून एक छायाचित्र काढून भागत नाही. कॅमेरा दुर्बिणीला जोडून दोन हजार फ्रेमची चित्रफीत घ्यायची. १२८० बाय ९६० बिंदूंच्या साध्या कृष्णधवल कॅमेऱ्याने घेतली तरी ती सुमारे अडीच जीबीची होते. मग संगणक त्या दोन हजारांतून हवा क्षणभर स्थिर असतानाच्या फ्रेम निवडतो. शंभरातल्या दहा निवडल्या तर दोनशे उरतात. त्या एकमेकींवर अचूक बसाव्यात म्हणून बिंबावर ठिकठिकाणी खुणेचे बिंदू धरून प्रत्येक फ्रेम थोडी सरकवावी लागते, आणि मग सगळ्यांची सरासरी काढायची. आमच्या मुलांनी या पायरीला 'थप्पी लावणे' असे नाव दिले आहे, आणि इंग्रजी शब्दापेक्षा ते आम्हांला अधिक नेमके वाटते. दोनशे फ्रेमच्या थप्पीत कॅमेऱ्याची बेभरवशाची खरखर सुमारे चौदा पटींनी कमी होते, कारण ती वर्गमुळाच्या हिशेबाने घटते. आठवीच्या मुलांना वर्गमूळ हा शब्द पहिल्यांदा खऱ्या अर्थाने भेटला तो येथे.

थप्पीतून निघालेले चित्र मऊ असते. त्याला 'धार' काढावी लागते. हीच सर्वांत नाजूक पायरी. विळ्याला धार जास्त काढली तर पाते झिजते, तसे येथे होते. धार वाढविली की डागांभोवती पांढरी कडी उमटतात, सपाट भागावर दाणे दिसू लागतात, आणि ते सूर्याचे दाणे की गणिताचे हे सांगता येत नाही. हौशी निरीक्षक यासाठी जी सॉफ्टवेअरे वापरतात त्यांतली बरीचशी विनामूल्य आहेत. ऑटोस्टॅकर्ट आणि रजिस्टॅक्स ही दोन हॉलंडमधील हौशी मंडळींनी स्वतःच्या निकडीतून लिहिली आणि जगाला वापरायला दिली. इमपीपीजी आणि सिरिल यांची तर मूळ संहिताही कुणालाही उघडून वाचता येते. कोणत्या पायरीवर काय केले, किती केले, हे यांत नोंदवून ठेवता येते आणि उद्या दुसऱ्या कुणी त्याच चित्रफितीवर तेच आकडे घातले तर तेच चित्र येते. आमच्या दृष्टीने हा गुण चित्राच्या सुबकपणाहून मोठा आहे.

मोबाइलमधील त्या ॲपने काय केले ते पाहा. आमच्या दुर्बिणीवरील फिल्म सूर्याचा पांढरा प्रकाश सरसकट कमी करते. त्या उजेडात सूर्याच्या कडेवरील ज्वाळा दिसत नाहीत. त्या पाहायच्या तर ग्रहणात पूर्ण बिंब झाकले जावे लागते किंवा हायड्रोजनचा ठरावीक लाल प्रकाश तेवढाच आत घेणारा महागडा फिल्टर लागतो. आमच्याकडे तो नाही. म्हणजे ज्या ज्वाळा आमच्या दुर्बिणीत येणेच अशक्य होते, त्या ॲपने काढून दिल्या. इंटरनेटवरची सूर्याची हजारो भडक चित्रे त्याने पाहिली असतील, त्यांतून सूर्य 'असा असतो' हे ते शिकले आणि आमच्या चित्रावर ते ज्ञान रंगविले. खऱ्या बिंबाची कड मध्यापेक्षा थोडी मंद असते. तेथे आपली नजर तिरपी जाते आणि वरच्या, तुलनेने थंड थरातच अडते. ॲपला तो दोष वाटला असावा, त्याने कडा उजळल्या. आणि सर्वांत वाईट म्हणजे पूर्वेच्या कडेजवळचा तो बारीक ठिपका त्याने धूळ समजून पुसून टाकला.

तो ठिपका धूळ नव्हता. ज्या विद्यार्थिनीने चित्र घेतले तिलाही प्रथम शंका आली होती. तिने कॅमेरा दुर्बिणीत थोडा फिरवून पुन्हा चित्रफीत घेतली. धूळ कॅमेऱ्याबरोबर फिरते, डाग सूर्याबरोबर राहतो. ठिपका सूर्याबरोबर राहिला. तिसऱ्या दिवशी तो बिंबावर आत सरकला होता आणि त्याच्या शेजारी आणखी दोन उगवले होते. सूर्य स्वतःभोवती फिरतो हे पाठ्यपुस्तकातले वाक्य तिने अशा रीतीने स्वतः तपासले. समितीने निवडलेल्या चित्रात तिचा हा शोधच नाही. आमची तक्रार एवढ्यासाठी आहे.

समितीतील एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, मुखपृष्ठ आहे, प्रयोगवही नव्हे, थोडी सजावट चालते. आम्ही त्यांचा आदर करतो. पण त्यांनी स्वतः धाटावच्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षे रासायनिक प्रक्रियेच्या खात्यात काम केले आहे. रात्रपाळीत तापमापकाने विचित्र आकडा दाखविला तर लॉगबुकात तोच आकडा लिहायचा, शोभणारा नाही, हे त्यांना आम्ही सांगण्याची गरज नाही. या विद्यालयाचे कितीतरी माजी विद्यार्थी त्याच वसाहतीत बॅच शीट भरतात. बरा दिसणारा आकडा लिहिला तर पुढच्या पाळीच्या माणसाच्या जिवावर बेतू शकते.

विचित्र आकडा जसाच्या तसा लिहिल्याने काय होते याचे एक थोर उदाहरण आपल्याच मुंबई-रायगड पट्ट्यातले आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हा हौशी निरीक्षक दुर्बिणीतून पडद्यावर सूर्याचे प्रतिबिंब पाडून डागांचे चित्र काढीत बसला होता. एका डागसमूहावर त्याला अचानक दोन झगझगीत ठिपके दिसले आणि काही मिनिटांत विझले. त्यानंतर एका दिवसाच्या आतच पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झाले, तारायंत्रे बिघडली. त्या वेळी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय उपकरणांच्या नोंदी डोळ्यांनी वाचून हाताने लिहिल्या जात. त्या पानांवर सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण नोंदलेली आहे. इतकी मोठी घसरण पाहून उपकरणच बिघडले असे कुणाला वाटले असते तर नवल नव्हते. पण आकडा लिहिला गेला, छापला गेला आणि जपला गेला. २००३ साली, म्हणजे १४४ वर्षांनी, भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांनी त्याच नोंदींवरून त्या वादळाची तीव्रता मोजली. जगभरातील अभ्यासक आज त्या घटनेविषयी बोलतात तेव्हा कुलाब्याचा तो आकडा घेऊनच बोलतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून ही चुंबकीय वेधशाळा १९०४च्या सुमारास अलिबागला हलविण्यात आली. आपल्या जिल्ह्याच्या गावी ती आजही काम करते. आपल्या सहली किल्ल्याला आणि समुद्राला जातात. वेधशाळेचे नाव आमच्या पिढीला शाळेत कुणी सांगितले नव्हते.

मे २०२४ मध्ये सूर्यावर पृथ्वीच्या सुमारे पंधरा पट रुंदीचा डागसमूह आला. ग्रहणाच्या चष्म्यातून, दुर्बिणीशिवाय, नुसत्या डोळ्यांना दिसावा एवढा. १० आणि ११ मेला २००३ नंतरचे सर्वांत तीव्र चुंबकीय वादळ झाले, लडाखमधील हानले येथे आकाश तांबूस झाले. आमचे वसतिगृह तेव्हा उन्हाळ्याच्या सुटीमुळे रिकामे होते आणि दुर्बीण कपाटात होती. अलिबागच्या यंत्रांना सुटी नसते. ही चुटपुट आम्हांला अजून आहे.

नोंदीपेक्षा गोष्ट रंगली की काय होते, याचेही उदाहरण कोकणातच आहे. हेलियम वायूचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला, असे अभिमानाने सांगितले जाते. आम्हीही पूर्वी भाषणांत सांगितले आहे. वस्तुस्थिती अशी की १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास ग्रहणात जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने निरीक्षण केले ते गुंटूर येथे, आणि नॉर्मन लॉकियर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट तपासला तो इंग्लंडमध्ये बसून. विजयदुर्गाला लॉकियर आले ते २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी. त्यांच्या दुर्बिणींचे ओटे तेथे दाखवितात, तेही त्या वेळचे. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील वेधशाळेचे कावसजी नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातील जेऊरला आपली उपकरणे घेऊन गेले होते. ती सारी भारतातली, भारतीय माणसाने चालविलेली मोहीम. पुढे १९१२ साली पुण्याची ती वेधशाळा बंद झाली आणि तिची दुर्बीण कोडाईकनालला गेली. खऱ्या नायगमवालांना आपण विसरलो आणि न घडलेला हेलियम मात्र लक्षात ठेवला. भडक चित्राने शांत चित्र पुसले, ते असे.

कोडाईकनालला विसाव्या शतकाच्या आरंभापासून रोजच्या रोज सूर्याची छायाचित्रे घेतली गेली. काचेच्या त्या तबकड्या आता संगणकात उतरविल्या आहेत. तेथील एका यंत्राची रीत मोठी मनोहर आहे. सूर्याच्या बिंबावरून एक अरुंद फट सरकवायची, प्रत्येक जागी प्रकाशाचे रंग विलग करायचे आणि एकाच रंगरेषेतल्या पट्ट्या शेजारी शेजारी मांडून अख्खे बिंब उभे करायचे. एकेकाळी असे यंत्र सरकारी वेधशाळेलाच परवडे. आज क्रिस्तियान ब्युई या फ्रेंच हौशी खगोलनिरीक्षकाने त्याची लहान आवृत्ती आखली असून तिचे सुटे भाग थ्रीडी प्रिंटरवर छापता येतात. सूर्य फटीवरून सरकतो त्याची चित्रफीत घ्यायची, आणि इंटी किंवा जेसोलेक्स हे विनामूल्य सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेममधून एक पट्टी कापून बिंब जुळविते. येथे तर सॉफ्टवेअरशिवाय चित्रच नाही. चित्रफितीत दिसतात त्या नुसत्या काळ्या रेषा. तरीही आम्ही त्या चित्राला खरे म्हणू, कारण त्यातला प्रत्येक बिंदू त्या सकाळी सूर्याकडून आला आणि तो कोणत्या फ्रेममधला हे दाखविता येते. ज्या बिंदूचा असा माग काढता येत नाही, तो कितीही सुंदर असला तरी सूर्याचा नाही. संगणकावर आमचा राग नाही, हे यावरून लक्षात यावे.

पालकसभेत एका मातेने विचारले होते, सूर्याचे फोटो काढून पोटाला काय मिळणार? प्रश्न रास्त आहे आणि आम्ही तो टाळणार नाही. याच पायऱ्या, थोड्या फरकाने, रुग्णालयातील एमआरआयच्या चित्रासाठी, उपग्रहाच्या छायाचित्रावरून पीक ओळखण्यासाठी, कारखान्यातील नमुना तपासण्यासाठी लागतात. पुण्याच्या आयुका संस्थेने आदित्य-एल१ या यानासाठी सूर्याची जंबुपार छायाचित्रे घेणारी 'सूट' ही दुर्बीण बनविली. २ सप्टेंबर २०२३ला निघालेले ते यान आज पंधरा लाख किलोमीटरवर आहे, आणि त्याची निरीक्षणे इस्रोने सर्वांसाठी खुली केली आहेत. ती उघडून पाहायला मुंबई-पुण्याचे महाविद्यालय लागत नाही. सगळ्याच मुलांना त्यातून नोकऱ्या लागतील असे आश्वासन मात्र आम्ही देत नाही.

त्या मातेला आम्ही दुसरे एक उत्तर द्यायला हवे होते, ते सभेत सुचले नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी ग्रहण लागले की आपल्या वस्त्यांतील माणसांना गावात फिरून 'दे दान, सुटे गिराण' अशी हाळी द्यावी लागे. राहू-केतूंचे नाते आपल्या जातींशी जोडणाऱ्या कथा सांगितल्या जात, आणि ग्रहणातले जुने कपडे, शिळे धान्य हे आपल्या पदरी टाकले जाई. सूर्याला ग्रासणारे म्हणून आपल्याकडे बोट आणि त्याच सूर्याच्या नावाने भीक, असा तो व्यवहार होता. त्यातली काही माणसे आम्ही पाहिलेली आहेत, ती याविषयी फारशी बोलत नसत. २६ डिसेंबर २०१९च्या सकाळी खंडग्रास ग्रहण होते तेव्हा त्यांची पणतवंडे याच मैदानावर कागदाच्या पडद्यावर सूर्याची कोर पाडून तिच्या वेळा वहीत लिहीत होती. मुले बाहेर काढू नका, असे सांगणारे दूरध्वनी त्या सकाळी आलेच, आणि खेदाची गोष्ट ही की ते आपल्याच घरांतून आले. आम्ही मुले आत घेतली नाहीत. ज्यांना पिढ्यान् पिढ्या सूर्याविषयीची बनावट गोष्ट वाहावी लागली, त्यांच्या मुलांनी घेतलेल्या सूर्यावर आता दुसरी बनावट गोष्ट आपणच का रंगवावी?

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती मोठी दुर्बीण द्या अशी नाही. आहे ती पुरेशी आहे. हवे आहे ते असे: जुना पण चालता लॅपटॉप, ज्यात आठ जीबी मेमरी आणि मोठी हार्डडिस्क असेल. सध्या मुलांना जागा नाही म्हणून मूळ चित्रफिती पुसाव्या लागतात, आणि मूळ पुसले की बाकीचा वाद निरर्थक होतो. शिवाय संगणक कक्षाची किल्ली सकाळी आठला मिळावी, दुपारी बाराला नव्हे. या सॉफ्टवेअरांच्या सूचना इंग्रजीत आहेत. आठवीतले मूल त्यात अडखळते आणि मग जे बटण दिसेल ते दाबते. 'थप्पी', 'धार', 'खरखर', 'खुणेचे बिंदू' अशा शब्दांत मुलांनी एक बारा पानांची मराठी वही लिहायला घेतली आहे. ती तपासून देणारा कुणी माजी विद्यार्थी पुढे आला तर पुढच्या वर्षी ती छापता येईल. छपाईचा खर्च भडक मुखपृष्ठाच्या खर्चाहून कमी आहे, हे आम्ही मुद्रकाकडे विचारून घेतले आहे.

हा मजकूर मुद्रणालयात जाईपर्यंत मुखपृष्ठाचा निर्णय झालेला नाही. वाचकांच्या हाती स्मरणिका येईल तेव्हा वर कोणता सूर्य असेल ते आम्हांला आज सांगता येत नाही. ज्यांना पडताळून पाहायचे असेल त्यांच्यासाठी त्या सकाळची मूळ चित्रफीत आम्ही पुसलेली नाही. विज्ञान कक्षातील खिडकीजवळच्या संगणकावर 'सूर्य' नावाच्या फोल्डरमध्ये ती आहे, आणि तिच्याशेजारी त्या विद्यार्थिनीच्या हस्ताक्षरातील तीन दिवसांच्या नोंदी आहेत. पूर्वेच्या कडेजवळचा ठिपका पहिल्या दिवशी शोधायला थोडा वेळ लागतो. डावीकडून पाहायला सुरुवात करावी.